तळेगांवची माघार : इंग्रजी मसलतींतील एक मतभेद (शके १७००)

वडगांव-तळेगांवच्या संग्रामाविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें, त्यांत दोन ठरीव मतें वारंवार आढळतात. मराठी लेखक म्हणतात कीं, मराठ्यांनीं गनिमी काव्यानें इंग्रजांस घेरलें आणि त्यांचा गर्व उतरविला. इंग्रजी लेखक म्हणतात कीं, कारनॅक व इगर्टन हे दोघे नादान निघाले, म्हणून चांगल्या शिपायांची अब्रू गेली. पहिल्या मतानें आमचा अभिमान सुखावतो. दुसऱ्यानें त्यांचा अभिमान दोन माणसांच्या माथीं दोष मारून मोकळा होतो. दोन्ही मतांत तथ्य आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु परक्या मुलुखांत शिरलेलें सैन्य मागें केव्हां घ्यावें, आणि तें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या एका प्रश्नावर त्या वेळीं मुंबई, कलकत्ता, लंडन आणि खुद्द छावणी अशा चार ठिकाणीं चार मतें होतीं, व त्या मतभेदाचा शेवट तळेगांवच्या तळ्याकांठीं झाला, ही गोष्ट या दोन्ही पक्षांच्या लेखांत बहुधा सुटून जाते. तीच येथें मांडावयाची आहे.

आपल्या नीतिशास्त्रकारांनीं या प्रश्नाचा विचार केलेला नाहीं असें नाहीं. कौटिल्यानें यान करणाऱ्या राजास देश, काळ व शक्ति यांबरोबरच क्षय, व्यय आणि लाभ यांचा हिशेब घालावयास सांगितला आहे. क्षय म्हणजे माणसांची हानि आणि व्यय म्हणजे द्रव्य-धान्याची. पाठीमागें उठणाऱ्या उपद्रवास त्यानें पश्चात्कोप हें नांव दिलें व पिछाडीवर टपलेल्या शत्रूस पार्ष्णिग्राह म्हटलें. मात्र हा सर्व विचार एका विजिगीषूच्या डोक्यांत चालावयाचा, असें त्यानें गृहीत धरलें आहे. क्षय एकानें मोजावा, व्यय दुसऱ्यानें, लाभ तिसऱ्यानें, आणि या तिघांमध्यें शेकडों कोसांचें अंतर असावें, असा प्रसंग त्याच्या शास्त्रांत नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीचें राज्य नेमकें तसें होतें.

मतभेदाची सुरुवात तळेगांवच्या चार वर्षें आधीं झाली. नारायणराव पेशव्यांच्या वधानंतर परागंदा झालेल्या रघुनाथरावाशीं मुंबईकरांनीं मार्च १७७५ मध्यें सुरतेस तह केला आणि कर्नल कीटिंग याची पलटण गुजराथेंत उतरविली. मे महिन्यांत अडासची लढाई झाली. तींत मराठ्यांनीं माघार घेतली तरी इंग्रजांचीहि माणसें पुष्कळ पडलीं. इकडे हें चाललें असतां कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलानें हें युद्ध अन्याय्य व अनधिकृत ठरवून सैन्य आपल्या ठाण्यांत परत घेण्याचा हुकूम पाठविला. मुंबईकर खवळले. आपल्या कौन्सिलांतील टेलर यास त्यांनीं मुद्दाम कलकत्त्यास धाडलें, आणि हातांतोंडाशीं आलेलें यश टाकून मागें फिरणें म्हणजे विश्वासघात व बदनामी होय, असें प्रतिपादन करविलें. कलकत्तेकरांनीं तें मानलें नाहीं. कर्नल अप्टन पुण्यास आला आणि १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह झाला. पुढें त्याच वर्षीं विलायतेहून डायरेक्टरांचें पत्र आलें, त्यांत सुरतेच्या तहास पसंती होती! लंडनचा हुकूम हिंदुस्थानांत पोंचण्यास सहा महिने व कधीं त्याहूनहि अधिक काळ लागे. तोंवर ज्या गोष्टीविषयीं हुकूम, ती गोष्टच पालटलेली असे. मुंबईकरांनीं या पत्राचा अर्थ एवढाच घेतला कीं, आपलें बरोबर होतें व कलकत्त्यानें आपला हात आंवरला. हा सल त्यांच्या मनांत राहिला, आणि आमच्या मतें शके १७०० च्या मोहिमेचें खरें बीज त्या सलांत आहे. रघुनाथराव हें निमित्त.

इ. स. १७७८ मध्यें पारडें फिरलें. आतां हेस्टिंग्स युद्धाच्या बाजूस होता. बंगालची एक फौज जमिनीच्या वाटेनें, सारें हिंदुस्थान ओलांडून, मुंबईकरांच्या साहाय्यास पाठवावी, असा बेत त्यानें मंजूर करून घेतला, तो बार्वेलचें मत व स्वतःचें निर्णायक मत यांच्या बळावर. फ्रान्सिस व व्हीलर यांनीं कडवा विरोध केला. मे महिन्यांत कर्नल लेस्ली काल्पीपाशीं यमुना उतरला, आणि जुलैंत फ्रान्सशीं युद्ध जुंपल्याची बातमी कलकत्त्यास पोंचली. तेव्हां विरोधकांनीं म्हटलें कीं, आतां तरी ही फौज परत बोलवा. बंगाल उघडा पडेल. हेस्टिंग्सनें उत्तर केलें कीं, फ्रेंचांचे वकील पुण्यास जाऊन बसले आहेत, म्हणूनच ती पुढें गेली पाहिजे. एकच बातमी, आणि तिच्यावरून दोन अगदीं उलट निष्कर्ष! फ्रान्सिसचा हेस्टिंग्सविषयींचा द्वेष प्रसिद्ध आहे. १७८० सालीं तर दोघांनीं पिस्तुलें घेऊन द्वंद्वयुद्ध केलें. पण माणूस मत्सरी होता म्हणून त्याचा मुद्दा खोटा ठरत नाहीं. लेस्ली बुंदेलखंडांतील भांडणांत गुंतून राहिला व ऑक्टोबरांत तेथेंच वारला. त्याच्या जागीं गॉडर्ड आला.

गॉडर्ड नर्मदेकडे येत असतां मुंबईकरांस धीर धरवला नाहीं. गव्हर्नर हॉर्नबी यानें पुण्यावर चाल करण्याचें ठरविलें. कौन्सिलांत ड्रेपर यानें एकट्यानें विरोध नोंदविला; बंगालची फौज जवळ येईतों थांबावें, असें त्याचें म्हणणें. तें बहुमतापुढें वाहून गेलें. सुमारे ३,९०० माणसें निघालीं. त्यांत गोरे सहाशेंच्या आंत, बाकी आपले देशी शिपाई. सामान ओढण्यास १९,००० बैल! माणसामागें जवळ जवळ पांच बैल पडले. वाचकांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा, कारण पुढें याच बैलांनीं माघारीचा निकाल लावला.

सेनापति कर्नल इगर्टन. पण हुकूम त्याचा एकट्याचा नव्हे. मुंबईकरांनीं मोहिमेवर एक कमिटी नेमली होती: जॉन कारनॅक, स्वतः इगर्टन आणि पुण्यास पूर्वीं वकील असलेला मॉस्टिन. लढावें कसें, थांबावें कोठें, तह कोणाशीं करावा, सर्व कांहीं कमिटीनें ठरवावयाचें. इगर्टन प्रकृतीनें खचलेला व येथील लढाईस नवखा. कारनॅक हा बंगाल्यांत एकेकाळीं नांव मिळविलेला सेनानी, परंतु येथें मुलकी अधिकारी म्हणून आलेला. सैन्यानें मानवंदना कोणास द्यावी यावरूनच दोघांचें प्रथम बिनसलें. मॉस्टिन आजारी पडून मुंबईस परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजीं वारला. मराठी दरबार आंतून ओळखणारा कमिटींतील हा एकच मनुष्य होता. तो गेल्यावर रघुनाथराव सांगेल तें खरें धरण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

बोरघाट चढून आल्यावर खंडाळ्याकडून कार्ल्यापर्यंतच्या आठ मैलांस या सैन्यानें अकरा दिवस घेतले. मराठ्यांच्या टोळ्या भोंवतीं होत्याच. ४ जानेवारीस कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्ट्यूअर्ट तोफेच्या गोळ्यानें ठार झाला. हाच लोकांचा ‘इष्टुर फांकडा’. शत्रूकडील माणसाच्या शौर्यावर लुब्ध होऊन त्यास फांकडा म्हणणारा मावळ प्रांत आणि वडगांवांत आजहि त्याची समाधि राखणारे लोक, यांच्या मनाचा मोठेपणा इतिहासकारांपैकीं थोड्यांनींच दाखविला आहे. असो.

९ जानेवारीस सैन्य तळेगांवीं पोंचलें. येथून पुणें अठरा मैल. जवळ अठरा दिवसांची शिधासामुग्री. आजचा वाचक तळेगांवाहून निघाला तर देहूरोड, निगडी, चिंचवड, पिंपरी अशी एकमेकांस लागलेलीं वस्ती व कारखाने ओलांडून तासा-दीड तासांत पुण्यास येतो, आणि मध्यें गांव संपून रान लागलें असें त्यास कोठेंच वाटत नाहीं. आम्ही शाळेंत असतां मुलांस घेऊन चिंचवडाहून तळेगांवापर्यंत पायीं गेलों होतों. त्या वेळीं सुद्धां रस्ता सोडून थोडें आंत गेल्यास माळरान लागे. शके १७०० मध्यें तर पवना व इंद्रायणी यांमधला हा सारा टापू उघडा. घोडदळास यापेक्षां सोयीची जागा नाहीं आणि बैलांच्या तांड्यास यापेक्षां घातक नाहीं.

इंग्रजांस तळेगांव जळालेलें सांपडलें. मराठ्यांनींच तें जाळलें होतें. शत्रु पुढें सरकल्यास चिंचवड जाळावें आणि वेळ आल्यास पुणेंहि द्यावें पेटवून, अशी सिद्धता पुणें दरबारानें केली होती. या गोष्टीचा उल्लेख आपल्या इतिहासांत एका ओळींत, व तोहि कौतुकानें होतो. चिंचवड म्हणजे मोरया गोसाव्यांचें समाधिस्थान, पेशव्यांच्या कुळाचें श्रद्धास्थान. तें जाळण्याची तयारी ज्यांनीं केली त्यांनीं ती किती जड मनानें केली असेल! पण दरबाराचें मन जड झालें एवढ्यानें तळेगांवच्या कुणब्याचें छप्पर परत येत नाहीं. पौष महिना, खळीं नुकतीं झालेलीं, कणगींत वर्षाचा दाणा. तो एका रात्रींत गेला. आम्हांस ही युक्ति चुकीची होती असें म्हणावयाचें नाहीं. ती लागू पडली. परंतु चिंचवड वांचलें तें तळेगांवच्या राखेवर, आणि विजयाचा हिशेब मांडतांना हा व्यय आपल्याच रयतेच्या खात्यावर पडला, हें लिहून ठेवणें अवश्य आहे.

तळेगांवीं दोन दिवस मसलत चालली. आजारामुळें इगर्टननें सेनापतिपद सोडून तें कॉकबर्नकडे दिलें होतें. मात्र कमिटींतील जागा सोडली नव्हती. म्हणजे लढावयाचें एकानें आणि ठरवावयाचें दुसऱ्यांनीं. होळकर येऊन मिळेल, इतर सरदार येतील, असें रघुनाथरावाचें आश्वासन होतें. कोणीहि आलें नाहीं. कॉकबर्नला विचारलें तेव्हां तो म्हणाला कीं, पलटणी पुण्यापर्यंत खचित जातील, पण सामान व बैल यांचें रक्षण होणार नाहीं. या उत्तराचा अर्थ ज्यानें त्यानें आपल्या मनाप्रमाणें केला. पुढें जाण्याच्या पक्षास त्यांत ‘जातां येईल’ एवढें ऐकूं आलें. कमिटीस ‘बैल राहणार नाहींत’ एवढें ऐकूं आलें. रघुनाथराव आणखी थांबा म्हणून विनवीत होता. त्याचा स्वार्थ उघड असल्यामुळें त्याचें मत कोणी मोजलें नाहीं. कॅप्टन हार्टली हा हुद्द्यानें लहान, पण त्या सैन्यांतील बहुधा सर्वांत जाणता अधिकारी. माघारीस त्याचा विरोध होता.

हार्टलीचें बरोबर होतें काय? इंग्रज लेखक निःशंकपणें ‘होय’ म्हणतात. आम्हांस तें अर्धेंच पटतें. अठरा मैल रेटून पुण्यास जाणें शक्य होतें, हें मान्य. पण जाऊन करावयाचें काय? समोर जळकें शहर, पाठीमागें मराठ्यांचें घोडदळ, दाणागोटा वाटेंत लुटलेला, आणि गादीवर बसवावयाचा तो पुरुष असा कीं ज्याच्या बाजूनें एकहि सरदार उठला नाहीं. पुढें जाण्याची वेळ टळली होती. किंबहुना ती कधीं आलीच नव्हती. खरी माघारीची वेळ कार्ल्यास होती. घाट पाठीशीं, वाट मोकळी, आणि सरदार फितत नाहींत हें एव्हांना कळून चुकलेलें. तेथून मागें फिरते तर चार दिवस हंसें झालें असतें, इतकेंच. तें हंसें पत्करण्यास कमिटींतील कोणीच तयार नव्हता, कारण प्रत्येकास मुंबईस जबाब द्यावयाचा होता. मुंबईस कलकत्त्याला दाखवावयाचें होतें, आणि कलकत्त्यास फ्रान्सिस टपून बसला होता. पार्ष्णिग्राह आपल्याच कौन्सिलांत!

याच टापूंतील एक जुनें उदाहरण येथें आठवतें. इ. स. १६६० मध्यें शाएस्तेखानानें चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा दिला असतां फिरंगोजी नरसाळ्यानें सुमारे दोन महिने किल्ला लढविला, आणि सुरुंगानें बुरूज उडाल्यावर, बाहेरून कुमक येण्याची आशा नाहीं असें पाहून, तो खालीं केला. मोंगलांची चाकरी त्यानें पत्करली नाहीं. शिवाजीमहाराजांनींहि त्यास दोष दिला नाहीं. तळेगांवचा प्रसंग निराळा आहे हें आम्ही जाणतों; तो वेढा स्वदेशांत होता, ही स्वारी परदेशांत. परंतु किल्ला केव्हां सोडावा हें किल्लेदारानें ठरविलें आणि त्याच्या धन्यानें तें मानलें, एवढी एक गोष्ट कारनॅकच्या छावणींत असती तर वडगांव घडलें नसतें.

११ जानेवारीच्या रात्रीं अकराच्या सुमारास निघावयाचें ठरलें. पौष वद्यपक्ष, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणारा. अवजड तोफा गांवच्या मोठ्या तळ्यांत लोटल्या, सामानाचे ढीग पेटविले. त्या जाळाच्या उजेडानें मराठ्यांस काय कळावयाचें तें कळलें, आणि दोन-तीन तासांत आघाडी व पिछाडी दोन्हीकडून हल्ला झाला. पिछाडीस हार्टली होता. ज्यानें माघारीस विरोध केला, त्याच्याच शिपायांनीं ती माघार उन्हें कलेपर्यंत पेलली, आणि हे शिपाई बहुतेक आपल्याच देशाचे, हें सांगण्याचें कारण नाहीं. बारा तारखेस दुपारीं सैन्य वडगांवांत शिरलें. दुसऱ्या दिवशीं कॉकबर्नानें, आतां मुंबईपर्यंत माघार अशक्य, असें मत दिलें. हार्टलीनें ती कशी करतां येईल याचा बेत मांडला. तो नाकारला गेला. एकंदर पडलेले, जखमी व बेपत्ता मिळून साडेतीनशेंवर माणसें गेलीं. चार दिवसांपूर्वीं ज्या माणसानें पुढें जाऊं म्हटलें, तोच आतां मागें नेतों म्हणत होता, आणि ज्यांनीं मागें फिरविलें त्यांस आतां मागेंहि जाववेना.

फार्मर यास मराठ्यांच्या छावणींत पाठविलें. नानांनीं पहिली मागणी केली ती रघुनाथरावाची. कमिटी देण्यास तयार होती, पण तो आधींच शिंद्यांच्या स्वाधीन होण्याची तजवीज करून बसला होता. मग तहाची गोष्ट निघाली. तेव्हां इंग्रजांनीं सांगितलें कीं, कलकत्त्याच्या आज्ञेवांचून तह करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. यावर महादजींनीं विचारलें कीं, मग कर्नल अप्टनचा तह मोडण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला? या प्रश्नास उत्तर नव्हतें. युद्ध करतांना जो अधिकार गृहीत धरला, तोच माघार घेतांना नाहींसा झाला. अखेर होम्स यास पूर्ण अधिकाराचें पत्र देऊन महादजींकडे धाडलें, आणि १६ जानेवारीस करार झाला: १७७३ पासून घेतलेला मुलूख साष्टीसह परत द्यावा, बंगालची फौज माघारीं वळवावी, भडोच शिंद्यांस द्यावें, त्यांच्या लोकांस ४१,००० रुपये द्यावे. फार्मर व लेफ्टनंट चार्ल्स स्ट्यूअर्ट ओलीस राहिले आणि सैन्य शस्त्रांसह सुटलें.

मराठ्यांकडेहि एकमत नव्हतें, हें येथें नमूद केलें पाहिजे. नानांस रघुनाथराव कायमचा बंदोबस्तांत हवा होता; महादजींस तो आपल्या हातीं हवा होता, आणि इंग्रजांशीं पुढें बोलण्याचें दार उघडें ठेवावयाचें होतें. त्याच वर्षीं रघुनाथराव शिंद्यांच्या पहाऱ्यांतून निसटून पुनः इंग्रजांकडे गेला. दोन ओलिसांवर सबंध सैन्य सोडलें हें शहाणपण कीं चूक, याविषयीं आमचें मत डळमळीत आहे. पण ज्यांच्याशीं करार करावयाचा ते स्वतःच ‘आम्हांस अधिकार नाहीं’ म्हणत असतां त्यांच्या सहीवर विसंबणें, हें नानांसारख्या कागदाच्या माणसाकडून व्हावें याचें नवल वाटतें.

घाट उतरतांच कमिटीनें पहिलें काम केलें तें हें कीं, गॉडर्डला परत जाण्याविषयीं लिहिलेलें पत्र रद्द केलें. बऱ्हाणपुरास त्यास एकमेकांविरुद्ध पत्रें मिळालीं. त्यानें कोणाचीहि वाट न पाहतां सुमारे ३०० मैल वीस दिवसांत कापून फेब्रुवारीअखेर सुरत गांठली. त्या सबंध प्रकरणांत ज्याच्या हातीं निर्णय व अंमल दोन्ही एकत्र आले असा हा एकच इंग्रज. मुंबईनें करार नाकारला, कलकत्त्यानेंहि नाकारला. कारनॅक, इगर्टन व कॉकबर्न यांस नोकरींतून काढलें. हार्टलीस बढती मिळाली.

पण गॉडर्डचीहि गत पुढें तीच झाली. डिसेंबर १७८० मध्यें वसई घेऊन फेब्रुवारी १७८१ मध्यें तो बोरघाट चढून बसला, नुसत्या धाकानें नाना तह करतील या आशेनें. नानांनीं बोलणें लांबविलें. एप्रिलांत पनवेलीकडे उतरतांना हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन व होळकर यांनीं त्याचीं चारशेंहून अधिक माणसें कापलीं वा जखमी केलीं. तो धैर्यवान् होता, स्वतंत्र होता, तरी कार्ल्याचाच धडा त्यास खंडाळ्यास नव्यानें गिरवावा लागला.

१७ मे १७८२ रोजीं साल्बाईस तह झाला. त्यानंतर अकरा दिवसांनीं, २८ मे रोजीं, लंडनच्या पार्लमेंटांत हेस्टिंग्स व हॉर्नबी यांस परत बोलवावें असा ठराव झाला. जें युद्ध थांबविण्याविषयीं तेथें इतकीं वर्षें कडाक्याचें बोलणें झालें, तें थांबलें आहे याची त्या सभेस वार्ता नव्हती. कंपनीच्या भागीदारांनीं ठराव मानला नाहीं आणि हेस्टिंग्स जागीं राहिला. रघुनाथरावास वर्षासन मिळून तो कोपरगांवीं गेला व पुढच्या वर्षीं वारला. साष्टी इंग्रजांकडे राहिली. आणि भडोच मात्र शिंद्यांस मिळालें. वडगांवास सांपडलेल्या सैन्याशीं महादजी मायेनें वागले, त्याबद्दल, असें कारण दिलें गेलें.